तिकीट मोबाइलवर काढावं की खिडकीवर?

सरोजिनी नगर हे लखनौचं कानपूरकडचं टोक. विमानतळ हाताशी आहे, पण करमणुकीची ठिकाणं लांब. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये ज्या संगीत महाविद्यालयाचा पाया घातला, ते आजचं भातखंडे विद्यापीठ कैसरबागेत. संगीत नाटक अकादमीचं प्रेक्षागृह गोमती नगरात, आणि त्याला नाव आहे संत गाडगे महाराजांचं. (लखनौत आलेल्या मराठी पाहुण्यांना या दोन जागा मी आवर्जून सांगते.) आयपीएलचे सामने होतात ते इकाना स्टेडियम शहीद पथाच्या दुसऱ्या अंगाला. कुठेही जायचं म्हटलं तरी अर्धा दिवस जातो. त्यामुळे इथे राहणाऱ्या माणसाला तिकिटासाठी खिडकीवर जायचं की मोबाइलवरूनच काढून टाकायचं, हा प्रश्न दर कार्यक्रमाला पडतो. डोंबिवलीत राहून दादरच्या शिवाजी मंदिराचं नाटक बघणाऱ्यालाही तो पडतोच.

बहुतेक जण याचं उत्तर सवयीनं देतात. तरुण मंडळी मोबाइल उघडतात, ज्येष्ठ मंडळी खिडकीवर जातात. दोघांनीही आधी थोडी बेरीज करावी, एवढ्यासाठी हा लेख.

मोबाइलवर शेवटच्या पानावर काय येतं ते नीट बघू. समजा, चार जणांसाठी २५० रुपयांची चार तिकिटं तुम्ही निवडलीत. मनात आकडा असतो हजार रुपयांचा. पैसे भरायच्या पानावर तो ११४१ रुपये ६० पैसे दिसतो. त्या आकड्याशेजारी खाली तोंड केलेला एक छोटा बाण असतो, त्यावर बोट ठेवलं की फोड उघडते. तिकिटांचे १०००, कन्व्हिनियन्स फी प्रत्येकी ३० रुपयांप्रमाणे १२०, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१ रुपये ६० पैसे. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. फी कार्यक्रमागणिक, शहरागणिक आणि तिकिटाच्या दरानुसार बदलते. पण रचना हीच असते, आणि तिच्यातली दोन कलमं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे ही फी साधारणपणे दर तिकिटामागे लागते, दर व्यवहारामागे नाही. एका माणसानं एक तिकीट काढलं तर पस्तीस रुपयांत खिडकीची फेरी वाचते, आणि तो सौदा चांगलाच आहे. पण सोसायटीतल्या बारा जणांची तिकिटं एकदम काढली, तर तीच फी सव्वाचारशेच्या घरात जाते. बारा तिकिटं काढायला अॅपला एका तिकिटापेक्षा बारापट कष्ट पडत नाहीत. म्हणून गट मोठा असेल, तर एकानं खिडकीवर जाऊन सगळ्यांची तिकिटं आणणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. लखनौच्या मेट्रोचं विमानतळ ते मुन्शीपुलिया हे टोकापासून टोकापर्यंतचं तिकीट ६० रुपये आहे. जाऊन-येऊन १२० झाले, तरी पैसे उरतात.

रेल्वेचा हिशेब याच्या अगदी उलट आहे, आणि तो माहीत असायला हवा, कारण लखनौत राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी माणसांना महाराष्ट्रात गावी जायला मुंबईच्या पुष्पक एक्स्प्रेसचं तिकीट काढावंच लागतं. आयआरसीटीसी जी फी घेते ती पूर्ण तिकिटावर, म्हणजे एका पीएनआरवर. त्यात एक प्रवासी असो वा सहा. बिगरवातानुकूलित वर्गासाठी १५ रुपये आणि वातानुकूलितसाठी ३० रुपये, अधिक जीएसटी. यूपीआयनं पैसे भरले तर हेच आकडे १० आणि २० होतात. नोटाबंदीनंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये ही फी माफ झाली होती, ती सप्टेंबर २०१९ पासून परत सुरू झाली. सहा जणांच्या कुटुंबानं वीस-तीस रुपये वाचवायला चारबागच्या आरक्षण केंद्रावर रांग लावण्यात अर्थ नाही. एवढंच लक्षात असू द्या की प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, पण ही फी परत येत नाही. खिडकीवरचं प्रतीक्षा यादीतलं तिकीट मात्र आपलं आपण रद्द करून पैसे घ्यावे लागतात.

दुसरं कलम कराचं. तिकिटावरचा कर आणि फीवरचा कर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाटक, नृत्य, गाण्याची मैफल, सर्कस यांचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. म्हणजे चारशे रुपयांचं नाटकाचं तिकीट करमुक्त, पण ते मोबाइलवरून काढलं की फीवर १८ टक्के लागतात. सिनेमाला २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. आयपीएलचा कर त्याच दिवसापासून २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. इकानावरच्या आयपीएल सामन्याचं मूळ हजाराचं तिकीट करासह १४०० ला पडतं, आणि त्याच मैदानावर भारताचा आंतरराष्ट्रीय सामना असेल तर हजाराचं तिकीट ११८० ला. हा कर खिडकीवरही चुकत नाही. ‘ऑनलाइन महाग आहे’ म्हणून स्टेडियमवर धडकणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. आधी बिलाची फोड उघडून बघा, महागाई फीची आहे की कराची. फीची असेल तरच खिडकीचा विचार करा.

‘पैसे ऑनलाइन घ्यायचे तर बँकेला द्यावं लागतं, त्याची ही फी,’ असं स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येतं. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून असं शुल्क घेतलंच जात नाही. तरीही यूपीआयनं पैसे भरणाऱ्याला सिनेमा-नाटकाच्या अॅपवर तीच फी पडते. कारण ही फी त्या सेवेचं उत्पन्न आहे आणि तिच्यातला वाटा चित्रपटगृहालाही मिळतो. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या आपल्या हिशेबात ते उत्पन्न म्हणून दाखवतात. चित्रपटगृहाच्या स्वतःच्या अॅपवरून तिकीट काढलं म्हणून फी वाचेल, असं समजू नका. तिथेही ती असते.

मग ती घेणं कायदेशीर आहे का? आहे. महाराष्ट्र सरकारनं ४ एप्रिल २०१३ आणि १८ मार्च २०१४ अशा दोन आदेशांनी चित्रपटगृहांना ऑनलाइन तिकिटांवर अशी फी घ्यायला मनाई केली होती. मल्टिप्लेक्सवाले आणि बुकमायशो चालवणारी कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. आदेशांना २०१४ मध्येच स्थगिती मिळाली आणि फी चालूच राहिली. शेवटी १० जुलै २०२५ रोजी न्यायालयानं दोन्ही आदेश रद्द केले. असे आदेश काढायला कायद्याचा आधार नव्हता आणि व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावर त्यांनी गदा येत होती, असं न्यायालयाचं म्हणणं. ग्राहकाला खिडकीवर जाऊन तिकीट घेण्याचा मार्ग मोकळा आहे, हा मुद्दाही त्यात होता.

मला तो निकाल पटतो. सोय विकणाऱ्यानं सोयीचे पैसे मागितले तर त्यात गैर काही नाही. पण खिडकीचा मार्ग मोकळा आहे हे म्हणणं खिडकी उघडी असेपर्यंतच खरं. खिडकीवर माणूसच नसेल, किंवा ‘सगळी तिकिटं ऑनलाइनच आहेत’ अशी पाटी लटकत असेल, तर ती सोयीची फी उरत नाही, ती तिकिटाचीच किंमत होते. मग ती जाहिरातीतल्या दरात का दाखवू नये?

या बाबतीत कायदा आपल्या बाजूनं आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारांची यादी आहे. त्यातला एक प्रकार म्हणजे सुरुवातीला कमी किंमत दाखवायची आणि पुढच्या पानांवर थेंबाथेंबानं ती वाढवत न्यायची. दुसरा म्हणजे न विचारता काहीतरी बिलात सरकवायचं. त्यात धर्मादाय देणगीचाही स्पष्ट उल्लेख आहे. ‘शेवटच्या दोन जागा!’ अशी खोटी घाई लावणं हा तिसरा. त्याआधीच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखवणं बंधनकारक आहे, आणि ग्राहकाच्या वतीनं आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट चालत नाही. म्हणून पैसे भरायच्या आधी देणगी, तिकीट विमा, खाण्यापिण्याचा कॉम्बो यातलं काही आपोआप बिलात आलंय का ते बघा आणि नको असेल ते काढून टाका. देणगी द्यायची असेल तर जरूर द्या, पण ती तुम्ही ठरवून दिलेली असू द्या.

आता खिडकीकडे वळू. सगळीकडे खिडकी सारखी नसते, पण मराठी नाटकाची खिडकी अजून खऱ्या अर्थानं जिवंत आहे, आणि ती कशी चालते हे नव्या प्रेक्षकानं शिकून घ्यावं असं मला वाटतं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर असो, ठाण्याचं गडकरी रंगायतन, पार्ल्याचं दीनानाथ किंवा दादरचं शिवाजी मंदिर, प्रयोगाच्या काही दिवस आधी ‘प्लॅन’ लागतो. प्लॅन म्हणजे सभागृहातल्या सगळ्या खुर्च्यांचा ओळवार नकाशा. विकल्या गेलेल्या जागांवर फुल्या मारलेल्या असतात. तुम्ही आत डोकावून विचारता, ‘मध्यावर, पाच-सहाव्या रांगेत चार मिळतील का?’ आतला माणूस बोट फिरवतो आणि सांगतो, ‘सहावीत तीन आहेत, चौथं मागच्या रांगेत देतो, बरोबर तुमच्या पाठी.’ किंवा म्हणतो, ‘ते टोक घेऊ नका, तिथून अर्धा रंगमंच दिसत नाही.’ हा सल्ला मोबाइलवरच्या हिरव्या-करड्या चौकोनांत मिळत नाही. सोबत गुडघ्याचा त्रास असलेली आजी असेल, पायऱ्या कमी हव्या असतील, तर तिथे दोन वाक्यांत काम होतं. शिवाय तिथे कन्व्हिनियन्स फी लागत नाही.

या खिडक्यांची वेळ सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास अशी तुटक असते. भर दुपारी जाऊन कुलूप बघून परत येण्यापेक्षा वर्तमानपत्रातली जाहिरात वाचा किंवा नाट्यगृहाला फोन करा. काही नाट्यगृहांत फोनवर जागा राखूनही ठेवतात, फक्त सांगितलेल्या वेळेच्या आत जाऊन तिकीट उचलायचं. नाटकाची तिकिटं मोबाइलवरही मिळतात, बुकमायशोबरोबर आता मराठी नाटकांसाठी ‘तिकिटालय’ हे अॅपही आहे. मात्र एकाच प्रयोगाच्या जागा अॅप आणि खिडकी यांत वाटून दिलेल्या असू शकतात. मोबाइलवर ‘हाउसफुल्ल’ दिसलं म्हणून लगेच आशा सोडू नका, खिडकीवर विचारून बघा. उलटही घडतं.

पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची तिकिटं कित्येक वर्षं बाजीराव रस्त्यावरच्या बेहेरे आंबेवाल्यांकडे आणि कमला नेहरू पार्कजवळच्या शिरीष ट्रेडर्समध्ये मिळत आली. शहरातल्या ओळखीच्या दुकानांतून तिकीट विकण्याची ही जुनी पद्धत आहे. प्रेक्षकाला ती विनाफी पडते आणि आयोजकालाही वेगळं कार्यालय थाटावं लागत नाही. बाहेरगावाहून येणाऱ्यांनी मात्र अशा महोत्सवांची तिकिटं ऑनलाइनच घ्यावीत. पुण्यात उतरल्यावर बघू, असं म्हणणाऱ्यांच्या वाट्याला भारतीय बैठकीचा मागचा कोपराही येईलच असं नाही.

जिथे मागणी प्रचंड आणि जागा मोजक्या, तिथे खिडकीचा हट्ट धरू नका. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं २२ सप्टेंबर २०२४ ला ऑनलाइन खुली झाली आणि बघता बघता संपली. अडीच हजार ते पस्तीस हजार असा अधिकृत दर असलेल्या त्या तिकिटांचे भाव दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखांत गेले. प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत पोचलं. अशा वेळी पन्नास-शंभर रुपयांची फी हा प्रश्नच नसतो. खरी जोखीम वेगळीच असते, आणि ती म्हणजे अधिकृत नसलेल्या माणसाकडून तिकीट घेण्याची. इकानाबाहेर सामन्याच्या दिवशी ‘एक्स्ट्रा टिकट है क्या’ आणि ‘टिकट चाहिए क्या’ अशी दोन्ही वाक्यं ऐकू येतात. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट दाखवून विकलेलं तिकीट त्याच वेळी आणखी चौघांना विकलेलं असू शकतं, आणि दारावर पहिला पोचलेला एकटाच आत जातो. आयोजकांनी जाहीर केलेला विक्रेता सोडून कुणाकडूनही, कितीही स्वस्तात मिळालं तरी, घेऊ नका. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाच्या बदल्यात कागदी तिकीट किंवा मनगटी पट्टा घ्यायचा आहे का, तो कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हेही काढतानाच वाचून ठेवा.

काही ठिकाणी ऑनलाइन तिकीट स्वस्त मिळतं, हे अनेकांना खरं वाटत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं २०१८ मध्ये दर बदलले तेव्हा रोख न देणाऱ्या भारतीय पर्यटकाला पाच रुपयांची सवलत ठेवली. लखनौच्या रेसिडेन्सीत रोखीनं २५ रुपये, ऑनलाइन २०. अजिंठा आणि वेरूळला ४० ऐवजी ३५. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. म्हणजे आई-वडील आणि दोन लहान मुलं असं कुटुंब वेरूळला ७० रुपयांत आत जातं, तेही रांग न लावता. दारावर लावलेला कोड स्कॅन करून दोन मिनिटांत तिकीट निघतं. रणरणत्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना घेऊन रोखीच्या रांगेत कशाला उभं राहायचं? सरकारी स्मारकांच्या बाबतीत मोबाइलच वापरा. फक्त संकेतस्थळ विभागाचंच आहे ना, याची खात्री करा. मध्ये एखादी पर्यटन कंपनी आली की तिची फी वर चढते.

आता तिकीट रद्द करण्याविषयी थोडक्यात. तुम्ही स्वतः रद्द केलं तर तिकिटाचे पैसे अटींप्रमाणे काही प्रमाणात परत येतात, कन्व्हिनियन्स फी सहसा येत नाही. प्रयोगच रद्द झाला तर काय परत मिळणार, हे प्रत्येक सेवेच्या अटींत वेगळं असतं. म्हणून महागडं तिकीट काढताना त्या अटींच्या पानाचा आणि बिलाच्या फोडीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. खिडकीवरचं कागदी तिकीट प्रयोग रद्द झाल्यास त्याच खिडकीवर दाखवून पैसे घ्यायचे असतात, त्यामुळे ते जपून ठेवा. घरातल्या कुणाची तब्येत नाजूक असेल आणि येणं शेवटपर्यंत अनिश्चित असेल, तर त्या एका माणसाचं तिकीट आयत्या वेळी खिडकीवर काढणं बरं.

बँकेच्या आणि कार्डांच्या सवलतींनी भुलू नका, पण त्या सोडूही नका. ‘एकावर एक मोफत’ असताना फी बहुधा दोन्ही तिकिटांवर लागते आणि सवलतीला कमाल मर्यादाही असते. शेवटचा आकडा बघा, त्याला तिकिटांच्या संख्येनं भागा, आणि तो खिडकीवरच्या दराशी ताडून पाहा. जाण्यायेण्याचा खर्च आणि लागणारा वेळ त्यात धरा. ऑफिसातून येताना नाट्यगृह वाटेवरच असेल तर खिडकीचा खर्च शून्य. सरोजिनी नगरातून मुद्दाम कैसरबागेपर्यंत दोघांच्या तिकिटासाठी जायचं असेल, तर मोबाइलवरची फी भरा आणि मोकळे व्हा.

पहिल्या पानावर एक दर आणि शेवटच्या पानावर दुसरा, किंवा न मागितलेली वस्तू बिलात आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार करता येते. वीस रुपयांसाठी कशाला, असं वाटेल. पण अशी वीस-वीस रुपयांची वसुली लाखो लोकांकडून होत असते, आणि तक्रारच आली नाही तर प्राधिकरणाला ती दिसणार कशी?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना शेवटी एक विनंती. लखनौ, इंदूर, बडोदा, दिल्ली, जिथे कुठे तुम्ही पुण्या-मुंबईचं नाटक बोलावता किंवा गणेशोत्सवात तिकीट लावून मैफल ठेवता, तिथे ऑनलाइन विक्री जरूर करा, पण निदान एका कार्यकर्त्याकडे छापील तिकिटांचं पुस्तक आणि चांगल्या जागांचा काही भाग ठेवा. जाहिरातीत त्याचा पत्ता आणि वेळ द्या, आणि तिकिटाचा दर लिहिताना ऑनलाइन फी धरून किती पडेल तो आकडाही त्याच ओळीत छापा. स्मार्टफोन न वापरणारे आपले ज्येष्ठ सभासद त्यामुळे मुलांच्या सवडीची वाट न बघता स्वतः तिकीट काढू शकतील.